'पट्टी' खोडून 'सप्तक' केलं, बरोबर का?

मालकंस_प्रेमी:
गिटार शिकवणाऱ्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. शेवटच्या धृपदाला गाणं अर्ध्या सुराने वरच्या 'की'मध्ये जातं, असं मूळ वाक्य. मी लिहिलं, 'शेवटच्या धृपदाला पट्टी अर्ध्या सुराने चढते.' तपासणाऱ्यांनी 'पट्टी' खोडून 'सप्तक' केलं. कारण काय, तर पट्टी बोलीतला शब्द, छापायला बरा नाही. मला पटलं नाही, पण तिथल्या तिथे उत्तरही सुचलं नाही. शिवाय 'कॉर्ड'ला, म्हणजे एकाच वेळी छेडलेल्या सुरांना, काय म्हणू?

पेटीवाला:
सप्तक साफ चूक. गणपतीची आरती आठवा. कुणीतरी उत्साहात काळी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला, धरतो. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकायला लागले की पुरुषमंडळी हळूच खालच्या सप्तकात उतरतात, बायका वरच गातात. पेटीवर माझी बोटं मात्र जागची हलत नाहीत, कारण पट्टी तीच आहे. बारा अर्धे सूर चढले की पुढचं सप्तक लागतं, मग सप्तक 'अर्ध्या सुराने' चढेल कसं? आणि शब्द पेटीवरूनच आलाय. जी लाकडी पट्टी 'सा' म्हणून धरली, ती गाण्याची पट्टी. यात न छापण्यासारखं काय आहे?

अकोलेकर:
व्युत्पत्ती घाईची वाटते. हार्मोनियम १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये झाली, आपल्याकडे त्यानंतर आली. त्याआधी तंबोऱ्यावर गाणारे काहीतरी म्हणतच असतील ना? आमच्या घरी 'वरच्या पट्टीत बोलू नको' म्हणजे मोठ्याने बोलू नको. सुराचा संबंध नाही.

पेटीवाला:
चिडलेल्या माणसाचा सूर चढतोच. ऐकून बघा.

स्वरलिपी:
पण 'की' म्हणजे नुसती पट्टी नव्हे. 'ए मायनर' म्हटलं की सा पांढरी सहावर, हे कळतं आणि ग, ध, नी कोमल, म्हणजे अर्ध्या सुराने उतरलेले, हेही कळतं. पट्टी फक्त पहिली गोष्ट सांगते. त्यातून गायकांनी 'स्केल'चा घोळ घातलाय. 'तुमचं स्केल काय?' 'काळी चार.' विचारली पट्टी, शब्द वापरला स्वरांच्या रांगेचा.

देशी_शब्द:
मग त्या रांगेला थाट म्हणा. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी १० थाट मांडून ठेवलेत. बिलावल म्हणजे मेजर, आसावरी म्हणजे तुमचा मायनर. आणि कॉर्डला स्वरमेळ.

स्वरलिपी:
थाटावर रागांची वर्गवारी होते, त्यावर गिटारचं गाणं बसवणं मला खटकतं. आणि कर्नाटक संगीतात ७२ मेळ आहेत, तिथे मेळ म्हणजे स्वरांची चौकट. एकाच वेळी छेडलेले तीन सूर नव्हेत.

अकोलेकर:
माझी भाची 'जी' धरताना तीन बोटं तारांवर दाबते, करंगळीजवळची तार भणभणते, मग म्हणते, 'मामा, कॉर्ड नीट लागत नाहीये.' तिला स्वरमेळ म्हणायला सांगू?

देशी_शब्द:
सांगा ना! वापरलाच नाही तर रुळेल कसा? ध्वनिमुद्रण हा शब्दही कधीतरी नवाच होता.

अकोलेकर:
आणि आज स्टुडिओत सगळे रेकॉर्डिंगच म्हणतात.

वारीची_वाट:
मला 'धृपद' अडतंय. तुकोबांच्या गाथेत पहिल्या कडव्याला १ आणि दुसऱ्यापुढे 'ध्रु.' असतं. भजनात परत परत येतं ते हेच. इंग्रजी गाण्यातला कोरसही बहुधा पहिलं कडवं झाल्यावरच येतो. म्हणजे शब्द चपखल आहे, फक्त 'ध्रुवपद' लिहा. ध्रुव म्हणजे अढळ. धृपद लिहिलं की गवयांची धृपद गायकी डोळ्यांपुढे येते.

पेटीवाला:
सिनेमाच्या गाण्यात मुखडा सुरुवातीलाच असतो. तिथे ध्रुवपद म्हणणार की मुखडा?

मालकंस_प्रेमी:
आरतीचं उदाहरण तपासणाऱ्यांना कळवलं. त्यांनी सप्तक काढलं आणि 'स्केल' घातलं.

वारीची_वाट:
मुखडा वेगळा. त्याची पहिली ओळच बहुतेक वेळा परत येते. ध्रुवपद अख्खं येतं. माझी आजी त्याला पालुपद म्हणायची, आणि टाळ त्याच ओळीला दुप्पट लयीत वाजवायची.