मदत हवी आहे: नॅचरल गॅसचा गुरुवारचा साठ्याचा आकडा नेमका कशाशी ताडायचा?

इचलकरंजीकर:

मंडळी,

एमसीएक्सवर (वायदेबाजार) नॅचरल गॅस मिनीत, म्हणजे गॅसच्या छोट्या वायद्यात, अधूनमधून सौदे करतो. लॉट २५० एमएमबीटीयूचा (गॅस मोजायचं उष्णतेचं एकक), म्हणजे भाव रुपयाने हलला की २५० रुपये आत नाहीतर बाहेर. दर गुरुवारी अमेरिकेच्या ईआयएचा (तिथलं सरकारी ऊर्जा माहिती खातं) तिथल्या गॅसच्या साठ्याचा अहवाल येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ८ ला, तिकडची घड्याळं मागे गेली की ९ ला. त्यानंतर स्क्रीनवर जे होतं ते काही केल्या उलगडत नाही.

अ‍ॅपवर तीन रकाने असतात: प्रत्यक्ष, अंदाज, मागील. ईआयएच्या मूळ अहवालात मात्र 'अंदाज' नावाचं काहीच नाही. तिथे गेल्या वर्षीचा साठा आणि पाच वर्षांची सरासरी दिलेली असते. मग बघायचं कशाकडे?

समजा अंदाज ६० बीसीएफ (अब्ज घनफूट) भरणीचा होता आणि आकडा आला ५२. गॅस कमी साठला, म्हणजे भाव वर जायला हवा. जातोही, दोन मिनिटं. मग सपाटून खाली. टेलिग्रामवरचे गुरुजी म्हणतात, 'ऑपरेटर खेळवतात.' हे मला पटत नाही. हेन्री हबचा (अमेरिकेतल्या गॅसचा भाव जिथून ठरतो ते केंद्र) एवढा मोठा बाजार आपल्या स्टॉपलॉससाठी (तोटा थांबवायला लावलेली ऑर्डर) कोण कशाला हलवेल?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. टिपा आणि कॉल नकोत, हात जोडून विनंती.

रात्रपाळी:

अंदाज सरकारी नसतो. वृत्तसंस्था विश्लेषकांना विचारून एक सर्वसाधारण आकडा काढतात, तो अ‍ॅपवर दिसतो. अहवाल येण्याच्या मिनिटाला भाव उडतो तो प्रत्यक्ष आणि या अंदाजातल्या फरकावर. पाच वर्षांच्या सरासरीचं काम वेगळं, ती महिनोन्‌महिन्यांचा कल सांगते. हिवाळा ऊबदार गेल्यामुळे मार्च २०२४ अखेर साठा सरासरीपेक्षा जवळपास ४० टक्के जास्त होता आणि भाव दोन डॉलरच्याही खाली लोळत होता. तेव्हा एखाद्या गुरुवारी आकडा 'चांगला' आला तरी तेजी टिकणार कशी?

आणि नोव्हेंबरपासून, म्हणजे थंडीत साठा उपसला जातो तेव्हा, चिन्हाकडे नीट बघा. अंदाज उणे १५०, आला उणे १७०, म्हणजे उपसा जास्त, म्हणजे तेजीचा आकडा. अ‍ॅप बिनदिक्कत तो लाल रंगात दाखवतं.

ह्यूस्टनचा वऱ्हाडी:

मी इथे पाइपलाइनच्या शेड्यूलिंगमध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गुरुवारी येतो तो आकडा आधीच्या शुक्रवारी संपलेल्या आठवड्याचा असतो. म्हणजे हातात पडेपर्यंत सहा दिवस शिळा. त्या आठवड्यात थंडी किती होती, वारा किती वाहिला (पवनवीज जास्त तर गॅस कमी जळतो), एलएनजी (द्रवरूप गॅस) प्रकल्पांनी किती गॅस खेचला हे बाजाराने रोजच्या रोज पाहिलेलं असतं. त्याच गुरुवारी पुढच्या पंधरा दिवसांच्या हवामानाचं मॉडेल जरा ऊबदार झालं, तर तुमचे ते ८ बीसीएफ कुठल्या कुठे जातात. तुमच्या 'दोन मिनिटं वर, मग खाली'चं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ऑपरेटर वगैरे काही नाही.

दुसरं, फक्त एकूण आकडा वाचू नका. अहवालात पाच विभाग असतात. त्यातल्या साउथ सेंट्रलचे पुन्हा दोन भाग: मिठाच्या गुहा आणि बाकीचे साठे. मिठाच्या गुहांमधून गॅस झटपट काढता-भरता येतो, त्यामुळे चार दिवसांची थंडीसुद्धा तिथे लगेच उमटते. अपेक्षेबाहेरचा आकडा आला की आम्ही आधी ती ओळ बघतो.

तिसरं महत्त्वाचं, तळटीप. ११ जून २०२१ ला संपलेल्या आठवड्यात साठा फक्त १६ बीसीएफने वाढलेला दिसला. वरवर पाहणाऱ्याला वाटावं, बापरे, केवढी तेजी! पण कॅलिफोर्नियातल्या पीजीअँडई कंपनीने ५१ बीसीएफ गॅस 'वापरण्याजोग्या' खात्यातून काढून 'तळाच्या' खात्यात टाकला होता. तळाचा म्हणजे दाब टिकवण्यासाठी जमिनीखाली कायम ठेवायचा गॅस. खरी भरणी ६७ ची होती. गॅस जागचा हललाही नव्हता, फक्त वहीतलं पान बदललं. अ‍ॅपला हे कळत नाही, ते १६ छापून मोकळं होतं.

इचलकरंजीकर:

वऱ्हाडीभाऊ, तळटीप मी आजवर उघडूनसुद्धा बघितली नव्हती. आता एकच शंका. ८ बीसीएफचा फरक मोठा की किरकोळ, हे ठरवायचं कसं?

ह्यूस्टनचा वऱ्हाडी:

एका आठवड्यावरून ठरवू नका. हा नमुन्यावरचा सर्व्हे आहे, पाच-सात बीसीएफ इकडेतिकडे व्हायचेच. पण लागोपाठ काही आठवडे आकडा अंदाजापेक्षा एकाच बाजूला चुकत असेल, तर विश्लेषकांच्या हिशेबात उत्पादन किंवा मागणी कुठेतरी निसटते आहे. ते खरं कामाचं. शिवाय मोसम बघा. जानेवारीत उपसाच प्रचंड असतो, ५ जानेवारी २०१८ च्या आठवड्यात तो ३५९ बीसीएफ होता. त्यात ८ म्हणजे काहीच नाही. एप्रिलमध्ये, थंडीही नाही आणि एसीही नाहीत अशा दिवसांत, तेच ८ डोळ्यांत भरतात.

डोंबिवली फास्ट:

अवांतर विचारतो. या आकड्याने माझ्या रिक्षाचा सीएनजी महागतो का?

रात्रपाळी:

थेट नाही. एप्रिल २०२३ पासून देशी गॅसचा सरकारी दर आपण आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरतात, वर कमाल मर्यादा. पण सरकारी गॅस कंपनी गेलचे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सबीन पास या एलएनजी प्रकल्पाबरोबरचे करार हेन्री हबच्या भावाशी बांधलेले आहेत. त्यातलं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागलं होतं. त्यामुळे अगदीच नातं नाही असंही नाही, लांबचं आहे.

इचलकरंजीकर, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला अमेरिकी सण) आठवड्यात अहवाल बुधवारीच येतो. त्या वेळी गुरुवारची वाट बघत पोझिशन धरून बसू नका.