बुफे आणि शुगर: तुमचं काय फसलं, काय जमलं?

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांची रांग सुरू होते आणि माझ्या पोटात गोळा येतो. टाइप टू मधुमेह निघाल्याला आता नऊ वर्षं झाली. पथ्याचे तक्ते सगळ्यांकडे आहेत, ते इथे नकोत. ताट हातात घेतल्यावर खरोखर काय झालं, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. पुतण्याच्या लग्नात जिलेबी-बासुंदीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोने कौतुक केलं. त्या खुशीत मसालेभात दोनदा, पुऱ्या चार, बटाट्याची भाजी. दोन तासांनी मीटरवर २६८! साखर टाळली, पण भात, मैदा आणि बटाटा पोटात जाऊन तेच काम करतात, हे डोक्यात तेव्हा शिरलं. आता आधी रिकाम्या हाताने सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारतो. मग कोशिंबीर, उसळ, पनीर. ते संपवूनच भाताकडे वळतो, तोवर भूक अर्धी मेलेली असते. भात सोडलेला नाही, सुटणारही नाही.

नाशिकहून
माझं उलटंच झालं. सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेऊन निघाले. मुहूर्त साडेबाराचा, पण वरात नाचत बसली आणि जेवणाचं झाकण उघडलं पावणेतीनला. हात थरथरायला लागले, घाम फुटला. मला वाटलं, शालूमुळे उकडतंय! नणंदेने ओळखलं. मीटरवर ६४. कोणीतरी बर्फी पुढे केली, ती तिने बाजूला सारली. खव्या-तुपातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला लावली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अशा दिवशी गोळी पर्समध्ये ठेवायची आणि ताट समोर आल्यावरच घ्यायची. तुमची गोळी वेगळी असेल, तर आधी विचारून घ्या. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी मात्र ठेवाच.

न्यू जर्सीहून
आमच्याकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाची मेजवानी. टर्की बिचारी निरुपद्रवी. घात करतात तिच्या भोवतालचे: ब्रेडचं स्टफिंग, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी सॉस (फळ इतकं आंबट की साखर ओतावीच लागते) आणि शेवटी भोपळ्याचा गोड ‘पंपकिन पाय’. गेल्या वर्षी दंडाला शुगर मोजणारा सेन्सर होता. जेवण झाल्यावर सगळे फुटबॉल बघत सोफ्यात रुतले, फोनवरची रेघ मात्र चढतच होती. मी आणि नवरा कोट-टोप्या चढवून वीस मिनिटं गल्लीत फिरून आलो, तर रेघ वाकली. यंदा मी मटकीची उसळ नेली होती. गोऱ्या मंडळींनी चाटून पुसून संपवली, मलाच दोन चमचे उरली.

डोंबिवलीहून
गोव्याच्या हॉटेलात नाश्ता भाड्यातच धरलेला होता. ‘पैसे वसूल’ करायच्या नादात तीन ग्लास ज्यूस प्यायलो. दुसऱ्या दिवसापासून दोन अंडी, थोडा उपमा आणि बिनसाखरेचा चहा. वसुली बायको करते.

सोलापूरहून
बुफे परवडला, आग्रह नाही परवडत. ‘एका लाडवानं काय हुतंय?’ असं म्हणणारी दिवाळीत सात घरं असतात. त्यात थोरल्या काकूंचं, ‘खा की रे, गुळाचा हाय!’ गूळ म्हणजे औषध, अशी त्यांची ठाम समजूत आहे. मी हुज्जत घालत नाही. ‘काकू, घरी नेतो, पोरांना देतो,’ म्हणून डबाच पुढे करतो. त्यांनाही बरं वाटतं. (पोरं खातात की मी, ते विचारू नका. अर्धा खातो, पण जेवणानंतर.)

नाशिकहून, पुन्हा
‘शुगर फ्री’ची पाटी लावलेल्या टेबलाचं राहिलंच. तिथली काजूकतली मी पाच खाल्ली होती. काजू फ्री नव्हते आणि खाताना माझा हातही आवरला नाही.

साताऱ्याहून
परवा साखरपुड्यात वाढप्याने माझी घालमेल बघून हळूच विचारलं, ‘काका, शुगर का? मग मठ्ठा घ्या, चालतोय.’ दोन ग्लास रिचवले. तिसरा घेताना आचारी समोरच पातेल्यात साखरेची वाटी उपडी करत होता.