मण्यार चावली, शुद्ध आहे, मग डोळेही का उघडत नाहीत?

माळरान: जमिनीवर झोपलेल्या काकांना रात्री मण्यार चावली. ना सूज, ना फारसं दुखणं. पहाटे पापण्या उघडेनात, मग थुंकी गिळेना, शेवटी श्वास अडला. आता व्हेंटिलेटरवर आहेत. पण आईने हाक मारली की पायाचा अंगठा हलवतात! नर्व्ह गेल्या असतील तर ऐकू कसं येतं? आणि सापाची इंजेक्शनं देऊनही फरक का नाही?

भूलवाला डॉक्टर: ताई, काकांना सगळं ऐकू येतंय, कळतंय. मण्यारीचं विष मेंदूत सहसा शिरत नाही. हलायचा हुकूम निघतो, मज्जारज्जूतून नर्व्हमध्ये उतरतो. तंतूत बाहेरचं सोडियम घुसतं, आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टवरून अधिक ३० च्या आसपास चढतो, लगेच पोटॅशियम बाहेर पडून तो उतरतो. तोवर पुढचा भाग पेटलेला असतो. मायलिनच्या वेष्टनातल्या फटींवरून उड्या घेत हा आवेग सेकंदाला ५०-६० मीटर पळतो. इथपर्यंत काकांचं सगळं ठीक आहे.

घोळ आहे तो अगदी टोकाला. तिथे कॅल्शियम आत येऊन ॲसिटिलकोलीनच्या, म्हणजे नर्व्हचा निरोप स्नायूला देणाऱ्या रसायनाच्या, बारीक पिशव्या रित्या होतात, ते स्नायूला जाऊन चिकटतं आणि स्नायू आखडतो. मण्यारीचं विष हे टोकच नासवतं. इंजेक्शन रक्तातलं विष मारतं, नासलेलं टोक दुरुस्त करत नाही. ते नव्याने फुटायला दिवस, कधी आठवडे जातात. अंगठा हलतोय म्हणजे तिथली काही टोकं शाबूत आहेत.

एक कळकळीनं सांगतो. बाहुल्या मोठ्या झाल्या, टॉर्चला हलेनात, तरी ‘मेंदू गेला’ असं कुणाला ठरवू देऊ नका. मण्यारीत तसं होतं आणि असे पेशंट चालत घरी जातात.

वॉर्ड सिस्टर: सर, नाग चावलेल्याला निओस्टिग्मिन दिल्यावर डोळे उघडलेले मी पाहिलेत. इथे का नाही चालत?

भूलवाला डॉक्टर: सिस्टर, नागाचं विष स्नायूच्या बाजूला, ॲसिटिलकोलीनची जागा अडवून बसतं. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही, ते साठतं आणि जागा परत मिळवतं. मण्यारीत ते सुटतच नाही, साठणार काय?

ताई, पापण्या उघडत नसल्या तरी फट राहून डोळे पूर्ण मिटत नसतील तर बुबुळं कोरडी पडतात, मलम घालताहेत ना ते विचारा. आणि पलंगाशी उभं राहून खर्चाचं, मरणाचं कुणी बोलू नका.

माळरान: मलमाचं आत्ताच विचारते. आईला तिथेच बसवते, तिचा आवाज त्यांना ओळखू येतो.