उत्तर: ओळखी व्हायला हिमालयच कशाला?

'बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नुसते सहलवाले, ट्रेकमधली दोस्ती हवी तर हिमालयच गाठा' हे वरचं मत अर्धंच पटलं. मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही हे खरं, बिबट्याचं घर आहे ते. पण माणसं भेटत नाहीत? मागच्या पावसाळ्यात पार्कातल्याच कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर माझ्या बुटाचा तळवा अख्खा सुटून आला. (दहा वर्षं जुने बूट, चूक माझीच.) मागून येणाऱ्या दहिसरच्या एका काकांनी डब्याच्या पिशवीची सुतळी सोडली, बुटाला दोन आडवे वेढे नि वर गाठ मारून दिली आणि म्हणाले, "आता तीन नंबरच्या लेण्यापर्यंत काळजी नाही." गेलो त्याहून बरंच वर. पोढीच्या, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याच्या, कडेला बसून त्यांचं थालीपीठ आणि माझी मोसंबी संपवली. आता महिन्यातला एक रविवार ठरलेला. सोमवारी पार्क बंद असतो, हे नवख्यांसाठी.

आणि वाटसरूंच्या भेटीगाठी तिथे आजच्या नाहीत. सोपारा आणि कल्याण या जुन्या बंदरांच्या मधल्या टापूत ही शंभरावर लेणी आहेत. दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत कल्याण, सोपाऱ्याचे व्यापारी सापडतात. बौद्ध भिक्षूंचा मुक्काम पावसाळ्यापुरता नव्हे, वर्षभर असे, म्हणून तर पावसाचं पाणी साठवायला जागोजागी पोढी कोरल्यात. पुढच्या वेळी लेण्याबाहेरचे दगडी बाक बघा, पाठ टेकायला उतार दिलाय. आम्ही त्यावरच पसरतो.