१९६९ ची फोर्ड एफ-१००: हेडवरचा क्रमांक पार्ट्स कॅटलॉगमध्ये का सापडत नाही?

जुनाटगियर (प्रश्न)

नमस्कार. १९६९ सालची फोर्ड एफ-१०० पिकअप मूळ स्वरूपात आणण्याचे काम मी हाती घेतले आहे. तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एफ१०वाय असा सुरू होतो, म्हणजे कारखान्यातून ती ३६० घनइंची व्ही-८ इंजिन घेऊन निघाली होती. एक सिलिंडर हेड उतरवून धुतले, तेव्हा त्यावर सी८एई-एच अशी ओतीव अक्षरे दिसली. ट्रकच्या जुन्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये हा क्रमांक मी पानोपानी शोधला, पण कुठेही मिळाला नाही. त्यात भर म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या बाजूला ३५२ हा आकडा ओतलेला आहे. क्रमांकातले तिसरे अक्षर ए असेल तर तो भाग मोठ्या मोटारगाडीचा, असे वाचण्यात आले आहे. मग पूर्वीच्या मालकाने एखाद्या मोटारीचे ३५२ इंजिन उचलून या गाडीत बसवले, असे समजायचे का? आणि सुटे भाग मागवताना नेमका कोणता क्रमांक द्यायचा?

ओतीवअक्षर

आपण दोन निरनिराळ्या क्रमांकांना एकच समजत आहात. बहुतेकांची पहिली चूक हीच असते. धातूवर ओतलेला असतो तो अभियांत्रिकी क्रमांक आणि कॅटलॉगमध्ये छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक. दोन्हींची घडण सारखीच आहे: आधी चार अक्षर-अंकांचा उपसर्ग, मग मूळ आकडा, शेवटी प्रत्यय. उपसर्गातले पहिले अक्षर दशक सांगते (बी म्हणजे १९५० चे, सी म्हणजे १९६० चे, डी म्हणजे १९७० चे), दुसरा अंक वर्ष आणि तिसरे अक्षर वाहनाचा प्रकार, ट्रकसाठी टी. चौथ्या अक्षरापाशी मात्र वाटा फुटतात. आपल्या हेडवरचा ई हा इंजिन विभागाचा आहे, तर फोर्डच्या विक्रीच्या क्रमांकात त्या जागी झेड येतो. म्हणून पाकिटावर सी९टीझेड आणि आतल्या भागावर सी९टीई दिसले, तर त्यात फसवणूक नाही. प्रत्ययही दोन्हीकडे जुळेलच असे नाही, तेव्हा ई खोडून झेड लिहिण्याचा सोपा मार्ग कृपया धरू नका.

भाग शोधायचा तो मधल्या, म्हणजे मूळ आकड्यावरून. ओतीव क्रमांकात तो बऱ्याचदा गाळलेला असतो, कारण वस्तू हेड आहे हे समोर दिसतच असते. सिलिंडर हेड ६०४९, कॅमशाफ्ट ६२५०, रेडिएटर ८००५, पाण्याचा पंप ८५०१, कार्ब्युरेटर ९५१०, डिस्ट्रिब्युटर १२१२७, ब्रेकचा मास्टर सिलिंडर २१४०. हे आकडे वर्षानुवर्षे तेच राहिले. कॅटलॉगच्या चित्रांत भाग ओळखावा, त्याचा मूळ आकडा घ्यावा आणि मग मजकुराच्या विभागात त्या आकड्याखाली आपले वर्ष, मालिका व इंजिन यांची ओळ पाहावी. पूर्ण विक्री क्रमांक तिथे मिळतो.

राहिली ए या अक्षराची शंका. उपसर्ग तो भाग प्रथम कशासाठी व केव्हा आखला गेला एवढेच सांगतो. तो कोणत्या गाडीत बसवला गेला, हे सांगत नाही. सी८एई-एच हेड त्या काळच्या ३६० आणि ३९० या दोन्ही इंजिनांवर सर्रास आढळते. ३५२ या आकड्यानेही घाबरून जाऊ नका. ३५२, ३६० व ३९० ज्यात येतात त्या फोर्डच्या एफई इंजिन घराण्यातल्या कितीतरी ब्लॉकांवर, प्रत्यक्ष क्षमता काहीही असली तरी, तो तसाच ओतलेला असतो.

तारखेचामाणूस

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण केवळ क्रमांक जुळला म्हणून भाग त्याच गाडीचा ठरत नाही. ओतकामाची तारीखही वाचावी. फोर्डच्या पद्धतीत वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर आणि दिवस असा क्रम असतो, आणि महिन्यांत आय हे अक्षर वगळलेले असते. म्हणून ८एम१२ म्हणजे १२ डिसेंबर १९६८. ही तारीख गाडी तयार झाल्याच्या तारखेच्या थोडी आधीची हवी. नंतरची निघाली, तर तो भाग मागाहून आला हे उघड आहे.

विजेच्या भागांवरचे नावही पाहावे. १९६९ च्या गाडीवर ऑटोलाइट हे फोर्डचे तेव्हाचे सुट्या भागांचे नाव अपेक्षित आहे. मोटरक्राफ्ट हे नाव १९७० च्या दशकात आले, त्यामुळे ते दिसल्यास तो भाग बदललेला आहे. कार्ब्युरेटरच्या वरच्या एका स्क्रूखाली क्रमांकाची छोटी पत्र्याची पट्टी असते, आणि दुरुस्ती करणारा कारागीर पहिल्यांदा तीच हरवतो. एक कळकळीची विनंती: अल्टरनेटरवर शाईचे शिक्के असू शकतात, तेव्हा तारेचा ब्रश किंवा थिनर लावण्याआधी तिरप्या उजेडात छायाचित्रे काढून ठेवा. माझ्या हातून असा एक शिक्का कायमचा पुसला गेला आहे.

मोजपट्टी

वाद कशाला? हेड उतरलेलेच आहे, तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, मोजा. ३६० आणि ३९० यांचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) एकच आहे, ४.०५ इंच, फरक स्ट्रोकमध्ये आहे. ३६० चा ३.५० इंच, म्हणजे ८८.९ मिमी, आणि ३९० चा ३.७८ इंच, म्हणजे ९६ मिमी. पिस्टन वरच्या टोकाला असतानाही ब्लॉकच्या पातळीच्या थोडा खालीच राहतो, म्हणून वरचे आणि खालचे अशी दोन मापे घेऊन त्यांची वजाबाकी करावी.

जुनाटगियर

सर्वांचे मनापासून आभार. व्हर्नियरच्या खोलीच्या दांडीने तीन सिलिंडर मोजले आणि तिन्हींत फरक ९६ मिमीच्या आसपास आला. ब्लॉकवरची तारीख गाडीच्या आधीची आहे. म्हणजे ब्लॉक मूळचा असू शकतो, पण आतला क्रँक, म्हणजे स्ट्रोक ठरवणारा दांडा, ३९० चा आहे. आता भाग कोणत्या इंजिनाचे म्हणून मागवायचे?

ओतीवअक्षर

तर मग कोणीतरी जुन्या दुरुस्तीत ३६० चे ३९० करून ठेवले आहे; ब्लॉक तोच चालत असल्याने हा बदल नेहमीचाच आहे. क्रँक आणि पिस्टन ३९० चे म्हणून मागवा, आणि सिलिंडरचा बोअर आधी मोजा, कारण तेव्हा तो वाढवलेला असू शकतो. हेड गॅस्केट, पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्युटर यांसाठी १९६९, एफ-१००, ३६० हीच ओळ धरावी. जुना क्रमांक बंद होऊन त्याजागी डी३टीझेडसारखा नवा क्रमांक दिलेला आढळला, तर तो भाग बसेल, पण दिसायला वेगळा असू शकतो. बाहेरून दिसणाऱ्या भागांसाठी विक्रेत्याकडून पाकिटाचे नव्हे, प्रत्यक्ष भागावरच्या अक्षरांचे छायाचित्र मागवा. आणि गाडी पूर्ण मूळ स्वरूपात न्यायचीच असेल, तर ३६० चा क्रँक, कनेक्टिंग रॉड व पिस्टन हा संच एकत्र शोधावा लागेल, सुटा क्रँक घेऊन भागणार नाही.