संगणकाचा वूफर मुका झाला तेव्हा : अनुभव धागा

५.१ संचातले (पाच स्पीकर आणि एक वूफर) पाचही स्पीकर नीट वाजत असताना खर्ज वाजवणारा वूफर मात्र गप्प राहतो, हा प्रकार आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. अशा वेळी पहिला संशय वूफरवरच जातो आणि खोका उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. माझा अनुभव असा आहे, की पुष्कळदा वूफर निर्दोष असतो आणि त्याच्यापर्यंत आवाज पोचवलेलाच नसतो. आपल्याकडे नेमके काय घडले आणि दोष शेवटी कुठे सापडला, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

गेल्या दिवाळीत मदरबोर्ड बदलला. जुन्या बोर्डाला मागे स्पीकरच्या पिना लावायचे सहा जॅक होते. नव्याला निळा, हिरवा आणि गुलाबी असे तीनच. संचाच्या तीन पिनांपैकी हिरवी हिरव्यात गेली, काळी अंदाजाने निळ्यात घातली आणि नारिंगी हातात उरली. गुलाबी जॅक मायक्रोफोनचा, ही समजूत इतकी पक्की होती, की तिथे ती लावून पाहण्याचे आठवडाभर सुचले नाही. वास्तविक अशा बोर्डावर ध्वनीच्या पॅनेलमध्ये ५.१ निवडले, की निळा जॅक मागच्या स्पीकरांचा आणि गुलाबी जॅक मधल्या स्पीकरचा व वूफरचा होतो. खूण माझ्या डोळ्यांसमोर होती: चित्रपटांतले संवादही क्षीण झाले होते. मधला स्पीकर आणि वूफर एकाच पिनेवर चालतात. दोघेही एकदम गप्प झाले, तर आधी ती पिन आणि पॅनेल पाहावे; मधला बोलत असेल आणि वूफरच मुका असेल, तर शोध पुढे न्यावा.

प्रतिसाद : नागपूर

माझा वूफर चित्रपटात घुमायचा आणि गाण्यांना मौन पाळायचा, त्यामुळे मी गाण्यांच्या फाइलींनाच दोष देत होतो. नंतर उलगडा झाला, की ५.१ मधला तो ‘.१’ ही स्वतंत्र वाहिनी आहे. डॉल्बी डिजिटलमध्ये ती १२० हर्ट्झपर्यंतच मर्यादित असते आणि तिच्यात काय घालायचे ते चित्रपटाचा ध्वनिसंयोजक ठरवतो. गाणे मात्र डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्यांचे असते. त्यातला खर्ज वेगळा काढून वूफरकडे वळवण्याचे काम ध्वनिकार्डाच्या ड्रायव्हरने किंवा स्पीकर संचाने करावे लागते. माझा संच ते करत नव्हता. विंडोजमध्ये स्पीकरांची मांडणी ठरवताना शेवटच्या टप्प्यात कोणते स्पीकर पूर्ण पल्ल्याचे आहेत असे विचारले जाते आणि मी अभिमानाने सगळ्या चौकटींवर खुणा करून ठेवल्या होत्या. मुठीएवढ्या स्पीकरांना पूर्ण पल्ल्याचे ठरवल्यावर त्यांचा खर्ज वूफरकडे कशाला येईल? त्या खुणा काढल्या, ड्रायव्हरमधले बास मॅनेजमेंट चालू केले, विभाजनाची सीमा (जिच्याखालचा आवाज वूफरकडे जातो ती) १०० हर्ट्झवर ठेवली आणि गाण्यातला तबल्याचा बायां पहिल्यांदा अंगावर आला.

प्रतिसाद : कोल्हापूर

वूफरच्या मागचे खर्जाचे बटण धूळ पुसताना फडक्याने शून्यावर फिरले होते. त्यापायी मी विंडोज दोनदा नव्याने टाकले. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

प्रतिसाद : पुणे

मी लिनक्स वापरते. तिथे अल्सामिक्सर हा आवाज कमीजास्त करण्याचा प्रोग्रॅम उघडल्यावर एलएफई (म्हणजे वूफरची वाहिनी) नावाच्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी अक्षरे दिसली, तर ती वाहिनी बंद आहे असे समजावे; एम ही कळ दाबली की ती खुली होते. एवढे करूनही गाण्यांना खर्ज येईना, कारण दोन वाहिन्यांच्या आवाजातून वूफरसाठी खर्ज तयार करणे पल्सऑडिओ या लिनक्सवरच्या ध्वनिसेवेत मुळात बंद ठेवलेले होते. त्याच्या मांडणीच्या फाइलीत एलएफई रिमिक्सिंगच्या ओळीपुढे ‘येस’ लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. नागपूरच्या प्रतिसादात आलेली अडचण तीच आहे, फक्त दार वेगळे.

प्रतिसाद : रत्नागिरी

दुरुस्ती हा माझा जुना छंद असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. संगणक की वूफर, हा निवाडा अर्ध्या मिनिटात होतो. आवाज कमी ठेवून नारिंगी पिन संगणकातून काढावी आणि तिच्या टोकाला व मधल्या कडीला बोट लावावे. शरीराने पकडलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण वूफरच्याच पल्ल्यातली असते. तो ‘घूं’ करू लागला, तर ॲम्प्लिफायर आणि कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) शाबूत आहेत, दोष संगणकाकडे शोधावा.

माझ्याकडे घूं आले नाही. अशा संचांत सगळ्या स्पीकरांचा ॲम्प्लिफायर आणि वीजपुरवठा बहुधा वूफरच्या खोक्यातच असतो. म्हणून बाकीचे पाच वाजत असताना वीजपुरवठ्यावर सहसा संशय घेऊ नये. प्लग काढून बराच वेळ थांबलो, कारण मोठे कॅपॅसिटर नंतरही भार धरून ठेवतात, आणि मग खोका उघडला. आत पालीची दोन अंडी होती. त्यांचा काही दोष नव्हता. तारा सुट्या करून स्पीकरवर मल्टिमीटर लावला, तर चार ओहमच्या कॉइलने साडेतीनच्या आसपास आकडा दाखवला, म्हणजे कॉइल जिवंत होती. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवल्यावर पडदा ‘थप्’ करून हललाही. दोष निघाला कॉइलकडे जाणाऱ्या तारेच्या चिमट्यात: खाऱ्या हवेने त्यावर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर चढला होता. तो खरवडला, चिमटा काढून टाकून तार थेट डाग देऊन जोडली. खर्च शून्य. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) बदलण्यापूर्वी सगळे सांधे पाहावेत.

प्रतिसाद : नाशिक

ऑप्टिकल तारेने जोडणाऱ्यांसाठी एक भर. ही तार दाबून बांधलेला डॉल्बी किंवा डीटीएस ५.१ आवाज नेते, परंतु न दाबलेला आवाज दोनच वाहिन्यांचा नेते. त्यामुळे माझ्याकडे चित्रपटात वूफरची वाहिनी मिळायची आणि संगणकावरचा खेळ सुरू केला, की त्याचा आवाज न दाबलेला असल्यामुळे गायब व्हायची. तीन पिनांच्या साध्या तारांकडे परतलो.

प्रतिसाद : ठाणे

माझा वूफर मला ऐकू येत नव्हता, मात्र खालच्या मजल्यावरच्या काकांना येत होता आणि तेच तक्रार घेऊन वर आले. माझी खोली ३.४ मीटर लांब आहे. एवढ्या अंतरात ५० हर्ट्झची लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अशी अडकते, की तिचा जोर भिंतींपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. माझी खुर्ची नेमकी मधोमध होती. रत्नागिरीकरांची बोटाची परीक्षाही खुर्चीत बसून केली असती तर फसली असती, कारण गुणगुणही ५० हर्ट्झचीच! खुर्ची तीन फूट मागे सरकवली आणि खर्ज आला. मग काकांना बोलावून, ते खाली उभे राहून फोनवर ‘अजून कमी’ म्हणत असताना, बटण निम्म्याखाली आणले.