दुःखी राहणं हा चॉइस असतो म्हणे!

वैतागलेला_आयटीवाला: परवा इथे एका ताईंनी लिहिलं की मे महिन्यात युद्धाच्या बातम्यांनी झोप उडाली, मग नोकरकपातीच्या बातम्या सुरू झाल्या, शेवटी टीव्ही बंद केला आणि बाल्कनीतल्या वेलीवर शिंजीर या चिमुकल्या पक्ष्याचं घरटं बघत बसल्या तर मन हलकं झालं. इथवर ठीक. पण शेवटी काय, तर 'आनंद आजूबाजूलाच असतो, दुःखी राहणं हा चॉइस आहे' आणि खाली बदामाच्या इमोजींचा पाऊस.

मी हिंजवडीत बेंचवर आहे, म्हणजे हाताला प्रोजेक्ट नाही. एचआरचं बोलावणं कधी येईल माहीत नाही आणि ईएमआय पाच तारखेला जातोच. माझ्या खिडकीबाहेर पण तांबट पक्षी आहे, दिवसभर टुक टुक टुक, मला तर ते घड्याळ वाटतं. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च पडून आहे त्याला प्रेरणा मिळते, बाकीच्यांनी काळजीच करायची असते कारण त्याशिवाय रेझ्युमे अपडेट होत नाही. पटत नसेल तर बोला.

शिंजीरवाली_कोथरूड: ती ताई मीच. 'चॉइस' शब्द एवढा टोचला असेल तर काढते, संपादनाची सोय आहे. मुद्दा मात्र काढणार नाही. तुम्ही गृहीत धरलंत की मला काही प्रॉब्लेम नाहीत, तर बाबांची केमो चालू होती त्या दिवसांत हे घरटं झालं. मादी एकटी कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, कुठला कुठला कचरा आणून लोंबतं घर विणत होती आणि नर चकचकीत कोट घालून नुसता ओरडत फिरत होता. आई म्हणाली, 'अगदी तुझे बाबा.' बाबा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा. याला चैन म्हणायचं असेल तर म्हणा.

वैतागलेला_आयटीवाला: केमोचं लेखात लिहायचं होतं ना मग! ते गाळून नुसता सुविचार टाकलात तर वाचणाऱ्याला कसं कळणार.

इतिहासाचा_किडा: जॉन बक्स्टन नावाचा ब्रिटिश अधिकारी 1940 मध्ये नॉर्वेत पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जर्मन कैदेत होता. तिथे त्याने आपल्या थिरथिऱ्याच्या जातकुळीतल्या एका पक्ष्याचा अभ्यास केला, इतर कैद्यांना निरीक्षणाच्या पाळ्या लावून, आणि 1950 मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्याच्याकडे कुठे सहा महिन्यांचा पगार होता?

चहाबाज: त्याला ईएमआय पण नव्हता. जेवण बेचव का होईना जर्मन देत होते 😀

इतिहासाचा_किडा: किती उथळ प्रतिसाद. कैद म्हणजे काय पीजी वाटला का?

परांड्याचा_पाव्हणा: तुमचं चालू द्या, आमचंबी ऐका. सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, सोयाबीन काढायला आलतं, पाण्यात उभं राहून शेंगांला कोंब फुटले. गाव शाळेत मुक्कामाला. पहिल्या रात्री नुसतं रडणं. दुसऱ्या रात्री एकानं पत्ते काढले, मेंढीकोट लावला, अन् एका म्हाताऱ्यानं वाहून गेलेली म्हैसच डावाला लावली. हरला. म्हणला, 'जा, कर्नाटकात घावली तर तुझी.' अख्खी शाळा हसली. तवा दुःख चॉइस आहे असं कुणी म्हणलं नाही, अन् पंचनामा व्हायचाय, हसू नका, असंबी कुणी म्हणलं नाही.

वैतागलेला_आयटीवाला: दादा, यापुढे मी काय बोलणार. पण म्हैस तुमच्या गावातलेच आजोबा हरले होते, तुम्ही आपसात हसलात. बाहेरून कुणी येऊन 'हसा की' म्हणाला असता तर?

परांड्याचा_पाव्हणा: हाणला असता.

कबुतरग्रस्त_दादर: बाल्कनीतले पक्षी म्हणे. आमच्या बाल्कनीत या एकदा, चार बोटं विष्ठा आहे. शेजारचे आजोबा रोज सकाळी ज्वारी टाकतात, कारण विचारलं तर 'मनाला शांती मिळते'. माझ्या आईला त्या शांतीपायी फुप्फुसाचा आजार झाला, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कबुतरांचा. ह्यांचा विरंगुळा आणि आमचा नेब्युलायझर! ऑगस्ट 2025 मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तर 6 तारखेला जमावाने ती फाडून टाकली.

मुक्याप्राण्यांचा_मित्र: शिंजीराला बदाम आणि कबुतराला ताडपत्री? भुकेने मेलेली कबुतरं बघितलीत का? पिढ्यानपिढ्या लोक दाणे घालतात, ती जीवदया आहे. तुमच्या आईला आजार प्रदूषणाने झाला नसेल कशावरून?

कबुतरग्रस्त_दादर: तुम्ही छातीचे डॉक्टर आहात का? हायकोर्ट सांगतं आरोग्य आधी, पालिका दाणे टाकणाऱ्याला 500 रुपये दंड करते, आणि तुम्ही माझ्या आईचं निदान इथे बसून बदलताय? एवढी दया असेल तर स्वतःच्या बेडरूममध्ये ठेवा थवा.

मुक्याप्राण्यांचा_मित्र: भाषा सांभाळा.

कबुतरग्रस्त_दादर: ऑक्सिजनची नळी सांभाळतोय रोज, भाषेला वेळ नाही.

शिंजीरवाली_कोथरूड: आजोबांचं पण वाईट वाटतं हो. दिवसभरात त्यांची वाट बघणारं दुसरं कुणी नसेल.

कबुतरग्रस्त_दादर: ताई, मुलगा कॅनडात, बायको गेली, मलाही माहीत आहे. म्हणून तर अजून तक्रार केली नाही. त्यांना म्हटलं खाली नाक्यावर या, कॅरम आहे. म्हणाले कॅरम मला बघून उडत येत नाही.

चहाबाज: आजोबा एक नंबर 😀

कबुतरग्रस्त_दादर: तुम्हाला हसायला काय जातंय.

वैतागलेला_आयटीवाला: धागा माझा, विषय नोकरीचा, आणि अर्धे प्रतिसाद कबुतरांवर. संपादक, बंद करा हे.

चहाबाज: थांबा, बंद नका करू. कबुतरं येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी लावतात त्यांचा रेट काय चाललाय सध्या, स्क्वेअर फुटाला?

शिंजीरवाली_कोथरूड: रेट एरियावर आहे. भोक मात्र फार बारीक घेऊ नका, आमच्या जाळीतून शिंजीर ये-जा करतो, कबुतर बाहेरच राहतं.

वैतागलेला_आयटीवाला: हे मूळ लेखात लिहिलं असतंत तर मीसुद्धा एक बदाम दिला असता.